तळघरातून वर आलेला डॉक्टर

बाळाला आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटाच्या उजव्या बाजूला, बरगडीखाली काहीतरी घट्ट लागते. बाळ दीड-दोन वर्षांचे असते. ते खातेपिते, खेळते, त्याला दुखत तर मुळीच नसते. जंत झाले असतील, पोट साफ नसेल, अशी घरातल्या मोठ्यांची समजूत असते. मग सोनोग्राफी होते. रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन नावाच्या प्रथिनाचे प्रमाण अफाट वाढलेले आढळते आणि हेपॅटोब्लास्टोमा हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला जातो. यकृताच्या अपक्व, गर्भावस्थेतल्यासारख्या पेशींपासून तयार झालेली ही कर्करोगाची गाठ. दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच ती होते आणि त्यातली बहुतेक मुले तीन वर्षांच्या आतली असतात.

यानंतर डॉक्टर जे सांगतात ते ऐकून आई-वडील बुचकळ्यात पडतात. अनेकदा गाठ लगेच काढायची नसते. आधी औषधे द्यायची, गाठ आक्रसली की मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर पुन्हा थोडी औषधे. सर्वसामान्य माणसाला हा क्रम उलटाच वाटतो. पोटात वैरी बसला असताना थांबायचे कशासाठी? परंतु या उलट्या वाटणाऱ्या क्रमामुळेच आज या मुलांपैकी बहुसंख्य मुले वाचतात. लहान मुलाच्या अंगातली गाठ औषधाने विरघळवता येते, ही कल्पना ज्यांनी वैद्यकशास्त्राच्या गळी उतरवली ते शल्यविशारद नव्हते आणि रूढ अर्थाने बालरोगतज्ज्ञही नव्हते. त्यांचे काम जगण्याची लढाई हरलेल्या मुलांशी होते. बोस्टनच्या बालरुग्णालयातील शवविच्छेदन करणारे ते विकृतिशास्त्रज्ञ. त्यांचे नाव डॉ. सिडनी फार्बर.

फार्बर यांचा जन्म 30 सप्टेंबर 1903 रोजी अमेरिकेतील बफेलो या शहरात झाला. घर ज्यू, मूळचे पोलंडकडचे, आणि भावंडे एकूण चौदा. त्यात सिडनी तिसरे. पैशाची चणचण असली तरी शिक्षणाचा आग्रह मोठा होता. त्यांचे थोरले भाऊ मार्विन पुढे तत्त्वज्ञानाचे नामवंत प्राध्यापक झाले. सिडनी यांनी 1923 मध्ये बफेलो विद्यापीठाची पदवी घेतली. पण पुढचे दार बंद होते. त्या काळी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांना मोजक्याच जागा दिल्या जात. तेव्हा या तरुणाने जर्मनी गाठले. हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग येथे त्यांनी वैद्यकाचे पहिले वर्ष पूर्ण केले आणि तिथल्या गुणवत्तेच्या बळावर हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवला. मायदेशातल्या महाविद्यालयात शिरण्यासाठी समुद्र ओलांडून परत यावे लागले, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगून जाते. 1927 मध्ये ते डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी नॉर्मा होल्झमन यांच्याशी विवाह केला. नॉर्माबाई गायिका होत्या आणि कवयित्री व बालसाहित्यकार म्हणूनही त्यांनी नाव मिळवले.

1929 मध्ये फार्बर बोस्टनच्या बालरुग्णालयाचे पहिले पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ झाले. हे पद मानाचे असले तरी जागा तळघरातली होती. वर वॉर्डांमध्ये मुले बरी होत अथवा दगावत. जी दगावत ती खाली येत. त्यांच्या इवल्याशा देहांत रोगाने नेमके काय केले याची नोंद ठेवणे हे फार्बर यांचे काम. ते ती इतकी काटेकोर ठेवत, की 1937 साली शवविच्छेदनाच्या पद्धतीवर त्यांनी लिहिलेले पुस्तक या विषयातले मार्गदर्शक ठरले. वागण्यात ते कमालीचे औपचारिक. कोट-जाकिटाशिवाय ते सहसा दिसत नसत आणि विद्यार्थी त्यांना पाठीमागे टोपणनावानेच संबोधत. अशा माणसाने पुढे बेसबॉलपटू, नाटक-सिनेमावाले आणि राजकारणी यांना एकत्र आणून लाखो डॉलर गोळा करावेत, याचे नवल वाटते.

त्या तळघरात फार्बर यांना दिसलेली एक गोष्ट महत्त्वाची आहे. मुलांचा कर्करोग मोठ्यांच्या कर्करोगासारखा नसतो. प्रौढांच्या गाठी बहुधा वर्षानुवर्षांच्या झिजेतून, व्यसनांतून, जुनाट दाहातून उद्भवतात. मुलांच्या पोटातल्या गाठी मात्र जणू गर्भातच अर्धवट राहिलेल्या बांधकामासारख्या असतात. मूत्रपिंडाची विल्म्स गाठ, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत उगवणारा न्यूरोब्लास्टोमा, यकृतातला हेपॅटोब्लास्टोमा या साऱ्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अर्भकावस्थेतल्या दिसतात. न्यूरोब्लास्टोमावर फार्बर यांनी 1940 साली स्वतः लेखन केले होते. त्याच रुग्णालयात विल्यम लॅड आणि रॉबर्ट ग्रॉस हे शल्यविशारद मुलांच्या पोटावरील शस्त्रक्रियांचे शास्त्र उभारत होते. 1941 मध्ये त्यांचा या विषयावरचा ग्रंथ आला. मुलांवर सुरी चालवण्याचे कौशल्य वाढत होते. पण गाठ काढली तरी तिचे कण फुप्फुसात आधीच पोचलेले असत. आणि यकृताच्या गाठीची गोष्ट तर त्याहून बिकट होती. यकृत म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंजच. गाठ त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असेल तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रक्तस्रावाने मूल जाण्याची भीती असे. सुरीच्या पलीकडे काहीतरी हवे होते, आणि ते कुणाजवळही नव्हते.

फार्बर यांनी सुरुवात मात्र गाठीपासून केली नाही. त्यांनी मुलांचा रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, निवडला. कारण अगदी व्यावहारिक होते. पोटातली गाठ लहान झाली की मोठी हे त्या काळी नेमके मोजता येत नसे. रक्तातल्या पेशी मात्र एका थेंबात मोजता येतात. औषध लागू पडते आहे की नाही याचा निकाल चार दिवसांत लागतो.

आता या कथेत थोडे मागे जाऊन मुंबईत यावे लागते. 1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम चाले. कापड गिरण्यांतून राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना एक जीवघेणा पंडुरोग होत असे. त्याचे कारण शोधण्यासाठी त्या आल्या होत्या. या बायकांच्या ताटात काय आहे आणि काय नाही हे पाहता पाहता, आणि उंदीर-माकडांवर प्रयोग करता करता, त्यांना आढळले की यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रजांच्या पावावर लावल्या जाणाऱ्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने, हा पंडुरोग बरा होतो. 1931 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला अज्ञात घटक म्हणजेच फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व. 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. आणि 1945 मध्ये अमेरिकेतील लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. सुब्बाराव यांचे दोन भाऊ स्प्रू नावाच्या पोटाच्या आजाराने एकापाठोपाठ गेले होते, आणि फॉलिक आम्ल हे त्याच आजारावरचे औषध निघाले. हा योगायोग कादंबरीत शोभावा असा.

रक्त वाढवणारे जीवनसत्त्व रक्ताच्या रोगावर उपयोगी पडेल, या समजुतीने फार्बर यांनी ल्युकेमियाच्या काही मुलांना फॉलिक आम्लाच्या जातीची संयुगे दिली. परिणाम विपरीत झाला. अस्थिमज्जेतील कर्करोगाच्या पेशी जोमाने फोफावल्या. रोगाला खतच घातले गेले! एखाद्याने हबकून हात आखडता घेतला असता. वॉर्डातल्या सहकाऱ्यांचा विरोध तर होताच. मरणाच्या दारातील मुलांना सुखाने जाऊ द्यावे, त्यांच्या हाडांत सुया खुपसू नयेत, असे मानणारे डॉक्टर कमी नव्हते. आणि त्यांचे सर्वस्वी चूक होते असे आजही म्हणता येणार नाही. आजच्यासारखी संमतिपत्रे आणि नैतिक समित्या तेव्हा नव्हत्या. जे काही होते ते डॉक्टरच्या विवेकावर आणि आई-बापांच्या अगतिकतेवर.

पण तळघरात वर्षे काढलेल्या या माणसाने चुकीतूनच उलट प्रश्न विचारला. फॉलिक आम्लाने रोग वाढतो, तर ते तोडले तर? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाशी मिळतीजुळती पण खोटी संयुगे तयार होत होती. कुलपात शिरावी पण फिरू नये अशी किल्ली असते, तसे त्यांचे काम. पेशी त्यांना जीवनसत्त्व समजून घेते आणि तिची वाढ खुंटते. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध फार्बर यांच्या हाती आले. 1947 च्या डिसेंबरअखेर एका दोन वर्षांच्या मुलाला ते टोचण्यात आले. काही दिवसांत त्याच्या रक्तातल्या बेसुमार वाढलेल्या पांढऱ्या पेशी खाली येऊ लागल्या. सुजलेली प्लीहा ओसरली. दुखणाऱ्या पायांनी अंथरुणाला खिळलेला मुलगा पुन्हा चालू लागला.

16 मुलांवर उपचार झाले आणि त्यांतल्या 10 जणांत सुधारणा दिसली. 3 जून 1948 रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात विजयाची भाषा नव्हती, कारण सुधारणा तात्पुरती होती. काही महिन्यांनी रोग परतत असे आणि मग तेच औषध लागू पडत नसे. तो दोन वर्षांचा मुलगाही वाचला नाही. अनेक तज्ज्ञांनी या निष्कर्षांवर अविश्वास दाखवला. पण औषधाच्या जोरावर ल्युकेमिया माघार घेतो, हे लहान मुलांमध्ये प्रथमच स्पष्ट दिसले होते. सुब्बाराव त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट 1948 मध्ये निवर्तले. आपल्याकडे त्यांचे नाव आजही फारसे कुणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

संशोधनाला पैसा लागतो, आणि मुलांच्या कर्करोगासाठी तो कुणी देत नव्हते. रोगी मोजके, आणि जे होते ते लवकर मरणारे. फार्बर यांनी 1947 मध्येच मुलांच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी एक प्रतिष्ठान काढले होते. 22 मे 1948 च्या रात्री अमेरिकाभर ऐकल्या जाणाऱ्या एका रेडिओ कार्यक्रमात त्यांचा एक बारा वर्षांचा रुग्ण बोलला. त्याचे खरे नाव लपवून त्याला जिमी म्हटले गेले. बोस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे खेळाडू एकेक करून त्याच्या खोलीत शिरले आणि तो हरखून गेला. श्रोत्यांना सांगण्यात आले की जिमीला सामने पाहण्यासाठी दूरचित्रवाणी संच हवा आहे. लोकांनी पाकिटे, नाणी, खाऊचे पैसे पाठवले. दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. जिमीला संच मिळाला आणि त्याच्या नावाने निधी उभा राहिला.

इथे वाचकाच्या मनात शंका येईल ती योग्यच आहे. आजारी मुलाचा चेहरा, खरे तर आवाज, पैसे गोळा करण्यासाठी वापरावा काय? आज जाहिरातींच्या गर्दीत हे नेहमीचे झाले असले तरी तेव्हा ते नवे होते. फार्बर यांनी ते जाणूनबुजून केले. दुर्मीळ रोगाला समाजात आवाज नसतो. तो कुणीतरी मिळवून द्यावा लागतो, असा त्यांचा हिशेब असावा. जिमीचे पुढे काय झाले, हे मात्र लोकांना कळले नाही. तो केव्हाच गेला असणार असेच सारे धरून चालले. पन्नास वर्षांनी, 1998 मध्ये, तो सुखरूप असल्याचे उघड झाले. मेन राज्यात राहणारा तो ट्रकचालक झाला होता आणि त्याला नातवंडे होती.

जिमी निधीच्या पैशातून उभारलेली इमारत 1952 मध्ये सुरू झाली आणि फार्बर तळघरातून कायमचे वर आले. तिथे त्यांनी जी पद्धत घालून दिली तिचे महत्त्व मला औषधांइतकेच वाटते. डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, औषधनिर्माते, समाजसेवक या सर्वांनी एकाच छताखाली, एकाच मुलाविषयी एकत्र बसून निर्णय घ्यायचा. घरच्यांच्या मनाची, खर्चाची, भावंडांची चिंता हाही उपचाराचाच भाग धरायचा. आज मुंबईतल्या कर्करोग रुग्णालयांच्या बालविभागात मुलांच्या पालकांसाठी निवासाची, समुपदेशनाची, अभ्यासवर्गाची सोय दिसते, तेव्हा त्यामागचा विचार तोच असतो.

गाठींकडे वळण्याची वेळ आली ती आता. सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत 1940 साली मातीतल्या जिवाणूंपासून अ‍ॅक्टिनोमायसिन नावाचे द्रव्य निघाले होते. प्रतिजैविक म्हणून ते कुचकामी ठरले, कारण ते फारच विषारी होते. 1950 च्या दशकाच्या मध्यात फार्बर यांनी त्याचा एक प्रकार, अ‍ॅक्टिनोमायसिन डी, विल्म्स गाठीच्या मुलांवर वापरला. मूत्रपिंड काढल्यानंतर फुप्फुसात पसरलेल्या गाठी क्ष-किरण चित्रातून नाहीशा झाल्या. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषध हे तिन्ही मिळून योजले तर मूल वाचते, आणि वाचते ते काही महिन्यांपुरते नव्हे, हे इथे प्रथम ठसठशीतपणे सिद्ध झाले. 1966 मध्ये फार्बर यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढची काही वर्षे त्यांनी वॉशिंग्टनच्या सभागृहांत घालवली. समाजकार्यकर्त्या मेरी लास्कर यांच्यासोबत ते कर्करोग संशोधनाचा सरकारी निधी वाढवण्यासाठी झटत होते. 1969 च्या डिसेंबरात वृत्तपत्रांत पानभर जाहिरात झळकली आणि 23 डिसेंबर 1971 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली. या मोहिमेत फार्बर यांच्याकडून एक अतिशयोक्ती झाली असे म्हणावे लागेल. मुलांमध्ये जे साधले ते मोठ्यांमध्येही लवकरच साधेल, फक्त पैसा आणि जिद्द हवी, असा त्यांचा सूर होता. मोठ्यांचे कर्करोग तसे वागले नाहीत. ज्या वेगळेपणाची ओळख त्यांना शवविच्छेदनाच्या टेबलावर झाली होती, त्याचाच त्यांना उत्साहाच्या भरात विसर पडला.

यकृताच्या गाठीनेही त्यांच्या हयातीत दाद दिली नाही. अ‍ॅक्टिनोमायसिनसारखी हाताशी असलेली औषधे तिच्यावर अपुरी पडत. 30 मार्च 1973 रोजी आपल्या कार्यालयातच हृदयविकाराच्या झटक्याने फार्बर यांचे निधन झाले. वय 69. त्यानंतर वर्षभराने अमेरिकेतील बालशल्यविशारदांनी मुलांच्या यकृताच्या गाठींची एकत्रित पाहणी केली. हेपॅटोब्लास्टोमाच्या 129 मुलांपैकी जेमतेम एक तृतीयांश वाचली होती. ज्यांची गाठ संपूर्ण काढता आली तीच वाचली. ज्यांची काढता आली नाही त्यांना आशा नव्हती.

चित्र बदलले ते प्लॅटिनमच्या एका संयुगाने. मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या प्रवाहाचा जिवाणूंवर काय परिणाम होतो हे तपासत असताना, जिवाणूंची वाढ थांबली ती विजेने नव्हे तर प्लॅटिनमच्या तारांतून झिरपलेल्या द्रव्याने, हे त्यांना 1965 मध्ये उमगले. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध निघाले. 1978 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हेपॅटोब्लास्टोमा या औषधापुढे आक्रसतो. पण कोणत्या मुलाला किती मात्रा, आधी की नंतर, हे ठरवायचे तर मुले हवीत. आणि एका रुग्णालयात वर्षाकाठी अशी दोन-चारच मुले येतात. म्हणून 1990 पासून युरोपातल्या डॉक्टरांनी अनेक देशांतील रुग्णालये एका अभ्यासात गुंफली. यकृताचे चार भाग कल्पून गाठीने किती भाग मोकळे सोडले आहेत ते औषध देण्यापूर्वीच चित्रातून मोजायचे, अशी साधी मोजपट्टीही त्यांनी बनवली. फार्बर यांना जी अडचण होती, पोटातली गाठ मोजता न येण्याची, ती अशी दूर झाली. पहिल्याच अभ्यासात आधी औषध, मग शस्त्रक्रिया या क्रमाने पाच वर्षांनंतर 75 टक्के मुले हयात होती. पुढे, ज्यांची गाठ आटोक्यातली होती अशा मुलांत एकट्या सिसप्लॅटिननेही तीन वर्षांनंतर 95 टक्के मुले जिवंत राहिली. गाठ चारही भागांत पसरलेली असली तर संपूर्ण यकृत बदलण्याचा मार्ग आहे आणि आई-वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवण्याच्या शस्त्रक्रिया आता भारतातही होतात.

सिसप्लॅटिनची किंमत मात्र कानांनी चुकवावी लागते. बोलायला शिकण्याच्या वयातच या मुलांची ऐकण्याची शक्ती घटते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेपॅटोब्लास्टोमाच्या 109 मुलांपैकी काहींना सिसप्लॅटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट हे औषध देण्यात आले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यापैकी 63 टक्के मुलांचे कान बाधित झाले; ज्यांना मिळाले त्यांच्यापैकी 33 टक्के मुलांचे. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आज या मुलांच्या फेरतपासणीत सोनोग्राफी आणि रक्ताच्या चाचणीबरोबर आणखी एक चाचणी असते. कानांवर हेडफोन लावून मुलाला बंद खोलीत बसवतात आणि बारीकसा आवाज आला की हात वर करायला सांगतात.